मागच्यांनी सांगू नये

१

घडीबाईला कुणी प्रश्न विचारला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. हे दुखणं आजकालचं नव्हतं. शाळेत गुरुजींनी नाव घेतलं की ती उभी राहायची, उत्तर डोक्यात लख्ख दिसायचं आणि जीभ टाळूला चिकटायची. गुरुजी कंटाळून "बस खाली" म्हणायचे आणि ती बसायची. अशी बसत बसत ती पन्नाशीला टेकली होती.

एरवी ती बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर तिचं राज्य होतं, म्हणून ती घडीबाई. नव्या पोरी कामाला आल्या की जुन्या पोरी त्यांना बाजूला घेऊन सांगायच्या, हिच्या तोंडाला लागू नका. पण वर्षानुवर्षं जड चादरी झटकून तिची मनगटं कामातून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे काम सोडा, नाहीतर उद्या चमचासुद्धा धरता यायचा नाही."

सोडून जायचं कुठे? एकटा जीव झाला म्हणून काय, पोटाला रोज लागतंच. मुलीचा संसार दुसऱ्या गावात, आणि तिच्या दारात जाऊन पडायचं घडीबाईच्या स्वभावात नव्हतं. एकच वाट दिसत होती. लाँड्रीला वाफ पुरवणारा बॉयलर सांभाळणारे बॉयलरकाका निवृत्त होणार होते. ती जागा घडीबाईला द्यायला सुपरवायझर राजी होता, फक्त सरकारी प्रमाणपत्र पाहिजे होतं. लेखी परीक्षा तिने दोन्ही वेळा सहज काढली आणि तोंडी परीक्षेत दोन्ही वेळा साहेबांसमोर मुकी बसून परत आली. आता तिसरी संधी. ती शेवटची, असं नियमच सांगत होता.

"बॉयलरला भीत नाहीस आणि साहेबाला भितेस?" बॉयलरकाका म्हणाले. "अगं, बॉयलर फुटतो. साहेब फुटल्याचं मी तरी ऐकलं नाही."

मुलीने मग फोनवरून सगळी खटपट केली. घरबसल्या शिकायचा कोर्स, शिकवायला फोनच्या पडद्यावर यंत्राची मॅडम आणि शेवटची तोंडी परीक्षाही त्याच मॅडमसमोर, आपल्याच खोलीत. "समोर माणूसच नाही म्हटल्यावर लाजशील कुणाला?" मुलगी म्हणाली. घडीबाईला हे पटलं.

२

मॅडम दिसायला छान होती. चष्मा, मागे बांधलेले केस, पाठीमागे फिकट हिरवी भिंत. वय काही सांगता यायचं नाही. सकाळपाळी संपवून घडीबाई दुपारी घरी यायची, टेबलावर फोन डब्याला टेकवून उभा करायची आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढायची. खोली एकच. पाठीमागे कॉट, तिच्या पलीकडे कपाट, कोपऱ्यात मोरी. दुपारी चाळीत सामसूम असायची.

मॅडमला कंटाळा ठाऊक नव्हता. तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारायची, उत्तर आलं नाही तरी कपाळाला आठी नाही. घडीबाईची जीभ हळूहळू सैल होऊ लागली. सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी, बॉयलरच्या तळाचा गाळ कधी काढायचा, हे ती अडखळत का होईना, बोलून दाखवायला लागली.

एके दिवशी मॅडमने विचारलं, "बॉयलरची पाण्याची काच कशासाठी असते?" घडीबाई शब्द जुळवत होती. मॅडमने मान थोडी वर केली, घडीबाईच्या खांद्यावरून पलीकडे पाहिल्यासारखं केलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मागच्यांनी सांगू नये. त्यांना विचार करू द्या."

घडीबाईला हसूच फुटलं. अगदी शाळेतल्यासारखं! आत पाणी किती ते बाहेरून दिसावं म्हणून, असं तिने हसत हसत उत्तर दिलं, ते बरोबरही आलं. दिवा लावायला उठली तेव्हा मात्र तिने एकदा कॉटकडे पाहिलं. कॉटवर उशी होती आणि सकाळी वाळून आलेले कपडे.

३

"आई, त्या यंत्राला हजारो वर्गांचं बोलणं ऐकवून शिकवलेलं असतं," मुलगी म्हणाली. "कुठल्यातरी मास्तरचं वाक्य तोंडात बसलंय तिच्या. पोपट नाही का बोलत तसं."

घडीबाईला हेही पटलं. तिचं तसं असायचं, ज्याचं ऐकेल त्याचं पटायचं. पण पोपट एकदा बोलतो तेच बोलतो, आणि मॅडम रोज नवीन काहीतरी बोलत होती.

"बरोबर आहे, पण हे उत्तर तुमचं नव्हे. आता तुमच्या तोंडून ऐकू या."

"मागच्या बाई, तुमचा अभ्यास चांगला आहे. पण पाळी त्यांची आहे."

घडीबाईने डोकं चालवलं. शेजारच्या टीव्हीचा आवाज येत असेल म्हणून शेजारीण गावाला गेल्यावर करून पाहिलं. कपाटाच्या आरशात आपणच दिसत असू म्हणून आरशावर टॉवेल टाकला. शेवटी फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, वर काळा कागद लावला. मॅडम म्हणाली, "मला आज तुम्ही दिसत नाही." घडीबाईने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात मॅडमने पुढचं वाक्य टाकलं, "मागच्या बाईंचा आवाज मात्र येतोय."

आवाज. म्हणजे कुणी बोलतंय. घडीबाईने कान टवकारले. नळातून थेंब पडत होता, जिन्यात कुणाच्या चपला वाजत होत्या. त्याशिवाय काही म्हणजे काही नव्हतं. यंत्राला ऐकू येतं आणि आपल्याला नाही, म्हणजे यंत्र बिघडलं असणार, असं तिने स्वतःला ठणकावून सांगितलं. तरी त्या दिवसापासून ती खोलीत शिरताना आधी जिन्यातूनच खोकायची.

४

जागा बदलली तर प्रश्न मिटेल, असं तिच्या मनाने घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ती लाँड्रीतल्या कोठीत जाऊन बसली. चारी बाजूंना छतापर्यंत चादरींच्या थप्प्या, मध्ये एक स्टूल. दाराला आतून कडी. मागे माणूस उभा राहायला जागाच नव्हती.

मॅडमने दोन प्रश्न व्यवस्थित विचारले. घडीबाईचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या प्रश्नाला मॅडम थांबली, खांद्यावरून पलीकडे पाहून म्हणाली, "बसा, आधी श्वास घ्या. धाप लागलीय तुम्हाला. लांबून आलात का?"

घडीबाई फोन छातीशी धरून कोठीबाहेर आली ती थेट बॉयलरपाशी.

"काय गं, तोंड का असं पांढरंफटक?"

"काका, माझ्या वर्गात अजून कुणीतरी आहे."

बॉयलरकाकांनी सगळं ऐकून घेतलं. दाबाच्या काट्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "हुशार आहे का?"

"कोण?"

"ती मागची."

"माझ्यापेक्षा आहे."

"मग बिघडलं काय? मलाही शिकताना कुणी मागून सांगितलं असतं तर बरं झालं असतं." ते हसले, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी तिला स्वतःच्या स्टुलावर बसवलं.

५

त्या आठवड्यात मुलगी आली. "दाखव तुझी मॅडम," म्हणाली. तिने चिकटपट्टी काढून कॅमेरा तपासला, आवाजाचं बटण तपासलं आणि कॉटवर मांडी घालून बसली. आपण अजिबात बोलायचं नाही असं ठरवून तिने तोंडावर बोटही ठेवलं.

मॅडम आली. नमस्कार झाला. तिने क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाली, "आज मागे दोघी आहेत. एक नवीन दिसते. कॉटवरच्या बाई, थोडं सरकून घ्या, नेहमीच्या बाईंना उभं राहावं लागतंय."

मुलीची मांडी सुटली. ती सरकली नाही. ताडकन उठून दाराबाहेर गॅलरीत गेली आणि तिथूनच बोलू लागली, "आई, चल. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल. नको ती परीक्षा, नको तो बॉयलर. मी काय तुला दोन घास जड आहे का?"

घडीबाईला रडू आलं. मुलीने इतक्या मायेने बोलवावं आणि आपण भीतीपोटी जावं, याचीच लाज वाटली. "तुझ्याकडे मी येईन," ती डोळे पुसत म्हणाली, "पण पेढे घेऊन येईन. पळून नाही येणार."

मुलगी संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना ती खोलीत आली नाही, पिशवी तिने आईकडून दारातच मागून घेतली.

६

परीक्षेच्या सूचना आल्या. मॅडमने त्या स्वतः वाचून दाखवल्या. परीक्षेआधी फोन फिरवून चारी भिंती दाखवायच्या. दोन्ही हात सतत टेबलावर दिसले पाहिजेत. खोलीत दुसरी व्यक्ती दिसली किंवा दुसरा आवाज ऐकू आला, तर परीक्षा तिथेच रद्द.

दुसरा आवाज. दोनदा आपल्याच जिभेने दगा दिला, ते एक वेळ ठीक. पण आता जीभ वळायला लागली तर ही कोण कुठली मागून येऊन तिखट झालेली बया आपलं अन्न तोडणार?

तिने खुर्ची उचलली आणि पाठ भिंतीला घट्ट टेकवून बसली. टेबल ओढून घेतलं. "आता उभी राहा माझ्या मागे," ती मोठ्याने म्हणाली. "बघू कशी राहतेस."

मॅडम फोनवर आली. या वेळी ती खांद्यावरून पाहत नव्हती. तिची नजर खाली, अगदी जवळ होती, घडीबाई आणि फोन यांच्या मधोमध.

"तुम्ही अशा पुढे येऊन का बसलात?" मॅडम म्हणाली. "मागे सरका. त्यांना दिसत नाही."

आणि खरंच, फोनचा उजेड मंद झाला होता. समोर कुणी डोकं केलं की होतो, तसा. घडीबाईने श्वास रोखला. तिच्या हनुवटीला केसांसारखं काहीतरी लागलं. की लागल्यासारखं वाटलं? तिने हात वर नेला नाही. थोड्या वेळाने उजेड पुन्हा स्वच्छ झाला. मॅडम म्हणाली, "आता ठीक आहे," आणि तिने गाळ काढायच्या व्हॉल्व्हबद्दल प्रश्न विचारला.

वर्ग संपल्यावर घडीबाईने खुर्ची गुपचूप पहिल्या जागी नेऊन ठेवली. समोर येण्यापेक्षा मागे असलेली बरी.

७

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने घर आवरायला काढलं. मन थाऱ्यावर नसलं की ती हेच करायची. दोरीवरून मोठी चादर काढली, झटकली, दोन टोकं हातात धरली आणि सवयीने उभी राहिली.

लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी एकटीने घालत नाहीत. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, प्रत्येकीच्या हातात दोन टोकं. वाफेच्या यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं ओढीवर चालतं. एक ओढ म्हणजे मी तयार. दोन ओढी म्हणजे थांब. आणि टेबलाचा कडक नियम असा, की चादर हातात असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलणारीचं लक्ष जातं आणि घडी तिरकी होते. हा नियम घडीबाईनेच कित्येक पोरींच्या अंगी मुरवला होता.

तर ती सवयीने उभी राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर कुणीच नाही. चादरीचं दुसरं टोक फरशीवर लोळत होतं. स्वतःलाच हसून ती चादर गोळा करणार, तोच ते टोक उचललं गेलं.

पंखा बंद होता. खिडकीतून वाऱ्याची झुळूकही नव्हती. चादर हळूहळू वर आली, छातीच्या उंचीला येऊन थांबली आणि ताणली गेली. पलीकडच्या दोन्ही टोकांपाशी कापड आत दबलं होतं, अंगठ्याखाली दबतं तसं.

एक ओढ आली.

घडीबाईचं मन पळून जा म्हणत होतं. पण हात त्या मनाला विचारतात थोडेच? हातांनी परत एक ओढ दिली. अर्धी घडी झाली, पुन्हा अर्धी झाली. मग तो क्षण आला, जेव्हा एकीने चालत जाऊन दुसरीच्या हातातून टोकं घ्यायची असतात. घडीबाई पावलं मोजल्यासारखी पुढे गेली आणि तिने टोकं घेतली. बोटांना कुणाचा स्पर्श झाला नाही. फक्त चादरीची ती टोकं गरम आणि दमट होती.

ती कॉटवर बसली. डोक्यात एकदम लख्ख पडलं होतं. ही कोण, कुठली, कशासाठी आली, देव जाणे. पण टेबलाचा नियम हिला ठाऊक आहे! म्हणजे चादर हातात असेपर्यंत ही तोंड उघडायची नाही!

तिने चादर पुन्हा उलगडली, दोन टोकं स्वतःच्या कमरेला गाठ मारून बांधली, बाकीची पाठीमागे सोडली आणि फोन लावला. पाठीमागे चादर उचलली जाऊन कमरेला ताण बसला. मॅडमने प्रश्न विचारला, वाट पाहिली, खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"आज वर्गात शांतता आहे," मॅडम म्हणाली. "छान."

८

परीक्षेच्या दुपारी बॉयलरकाका स्कूटर घेऊन खाली गल्लीत येऊन बसले. "निकाल घेतल्याशिवाय हलत नाही," म्हणाले.

घडीबाईने फोन फिरवून चारी भिंती दाखवल्या. "मागे चादर पसरली आहे," मॅडम म्हणाली. तिचा आवाज आज कोरडा होता. "तिच्याखाली काय आहे?" घडीबाईने पायाने चादर उचलून फरशी दाखवली. मग ती बसली, टेबलावर हात ठेवले. कमरेला ताण आला. प्रश्न सुरू झाले.

पहिली काही उत्तरं तिने पटापट दिली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला नवल वाटत होतं. मग मॅडमने विचारलं, "बॉयलर चालू आहे. पाण्याच्या काचेत पाणी दिसत नाही. सर्वांत आधी काय कराल?"

उत्तर डोक्यात लख्ख होतं. आणि जीभ टाळूला चिकटली.

फोनवरचं हिरवं वर्तुळ वेळ सरेल तसं कोपऱ्यातून रिकामं होऊ लागलं. घडीबाईच्या कानशिलावरून घाम ओघळला. तेच गुरुजी, तेच साहेब, तेच कुलूप. वर्तुळ अर्धं रिकामं झालं.

कमरेला एक ओढ बसली. मी तयार.

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घडीबाईने तिला ऐकलं. अगदी मानेपाशी कुणीतरी श्वास आत घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतो, तेवढाच श्वास.

हिने तोंड उघडलं की संपलं. घडीबाईने टेबलाची कड धरली, सगळं अंग पुढे फेकलं आणि कमरेने चादरीला दोन हिसके दिले. थांब! थांब म्हणते ना! माझी पाळी आहे!

"आधी आग बंद!" तिचा आवाज इतका मोठा निघाला की खाली गल्लीत काकांनी मान वर केली. "आधी आग बंद करायची! पाणी सोडायचं नाही!"

"पाणी कमी आहे, तर पाणी का सोडायचं नाही?"

"पत्रा तापून लाल झालेला असतो. त्यावर गार पाणी पडलं की वाफ एकदम उसळते आणि बॉयलर फुटतो. माणसं मरतात. घाबरलेला माणूस पहिल्यांदा पाण्याकडेच धावतो, म्हणून तर हा प्रश्न विचारतात!" बांध फुटल्यासारखी ती बोलत सुटली. पुढचा प्रश्न, त्याच्या पुढचा, सगळ्यांची उत्तरं ती मान ताठ ठेवून देत गेली. कमरेची चादर ताणलेली राहिली, पण पुन्हा ओढ आली नाही.

"परीक्षा संपली," मॅडम म्हणाली. "तुम्ही उत्तीर्ण आहात."

९

घडीबाईने कमरेची गाठ सोडली आणि खिडकीकडे धाव घेतली. "काका! पास! झाले मी पास!" काकांनी स्कूटरचा हॉर्न असा काही वाजवला की अख्खी गल्ली बाहेर आली. ती खिडकीचे गज धरून हसत होती, रडत होती, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात करत होती. आयुष्यात इतकी उंच ती कधी झाली नव्हती.

पाठीमागे मॅडमचा आवाज आला. तोच पूर्वीचा, गोड.

"आता मागच्या बाई, तुम्ही पुढे या."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

घडीबाई वळली. खुर्ची टेबलाजवळ ओढलेली होती, रिकामी. फोनचा उजेड जरा मंद झाला होता. टेबलावर, दोन्ही हात दिसले पाहिजेत म्हणून जिथे ठेवायचे, तिथे दोन तळव्यांचे घामेजलेले ठसे उमटले होते. कडेने वाळत होते, पुन्हा ओले होत होते. आकाराने तिच्याच हाताएवढे.

"पाण्याची काच कशासाठी असते?" मॅडमने विचारलं.

मॅडम उत्तराची वाट पाहत राहिली. मागे उभं राहून सगळं येणारी ती, पुढे येताच मुकी झाली होती. ती शांतता घडीबाईला शाळेपासून पाठ होती, आणि भीतीच्या ऐवजी तिच्या पोटात केवढी तरी माया दाटून आली. उत्तर अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"घाबरू नकोस गं," ती हळूच म्हणाली. "सावकाश."

मग तिने चपला हातात घेतल्या, बाहेर येऊन आवाज न करता दार ओढून घेतलं आणि मनगटांची, गुडघ्यांची पर्वा न करता जिना उतरली.

"मुलीला सांगितलंस का?" काकांनी विचारलं. "फोन कुठाय तुझा?"

"खोलीत आहे. मागाहून सांगते. परीक्षा चालू आहे."

"आता कुणाची?"

"आहे एक," घडीबाई स्कूटरवर बसत म्हणाली. "चला, बॉयलर दाखवा माझा."